कडू हात

६ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली नाही, पण उभ्याउभ्याच डुलकी लागली, इतकी तुमच्याकडची हवा अंगात भिनली होती. आल्या आल्या कामावर हजर. इस्पितळाच्या चादरींना माझ्यावाचून करमत नाही. धुलाईघरात शिरले तर वाफेनं समोरचं माणूस दिसेना, आणि चार दिवसांच्या चादरींचा डोंगर माझी वाट पाहत बसलेला.

आता मुद्द्याचं. माझा भाऊ ट्रकवर गेला की महिना महिना घरी येणार नाही, म्हणजे कुरण आणि घोडी तुझ्या गळ्यात. तू गाईम्हशींच्या घरातली. गाय म्हणजे घोडं नव्हे, हे आधी मनावर घे. चरायला सोडताना म्होरकी काढत जा, कुंपणाला अडकली तर जनावर मान मोडून घेतं. मिठाचा खडा पावसात भिजू देऊ नकोस. लीद रोज उचल. एका तुकड्यात फार दिवस चरू देऊ नकोस, मुळापासून खातात. कापलेलं गवत पुरतं वाळल्याशिवाय रचू नकोस, आतून तापतं. खुरात खडे बघत जा. म्हाताऱ्या मावशी घोडीला सगळ्यांच्या आधी पाणी दाखव, ती प्यायल्याशिवाय बाकीची पीत नाहीत. दूधतोंड्याला डाव्या बाजूनं धरू नकोस, तो बुजतो. ओढ्याच्या बाजूचं फाटक ओढून बघत जा, पलीकडे दरड आहे. खालच्या पट्ट्याचं मात्र बाबा बघतात, तिथं तू लक्ष घालायचं कारण नाही.

बाबा स्वतः काही सांगायचे नाहीत. त्यांना वाटतं, जे त्यांना येतं ते सगळ्यांना आईच्या पोटातूनच येतं. म्हणून मी सांगते आहे. राग मानू नकोस.

तुझी वन्सं

*

१७ एप्रिल

ती. वन्सं यांना नमस्कार.

पत्र पोचलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, शिवाय समासात आडवं. तुमच्या भावांनी ट्रकवर जायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं. चहा निवला तरी सूचना संपेनात. बाबा म्हणाले, "ही लहानपणी बाहुलीलासुद्धा सूचना द्यायची. शेवटी बाहुलीनं मान टाकली."

वन्सं, एक बोलू का, उलट बोलते असं समजू नका. मला या घरात येऊन सहा वर्षं झाली. म्होरकी काढायची असते हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. मावशी आधी पाणी पिते हे तर ती स्वतःच सांगते, दुसरं कुणी पुढे आलं की चावते. घोडीला एवढं कळतं तर मला कळणार नाही?

आणि एकदम एवढं सांगितलंत की माझा गोंधळ होतो. त्यातलं महत्त्वाचं कुठलं आणि हौसेचं कुठलं, हे समजायला मार्ग नाही. मिठाचा खडा आणि दरडीचं फाटक एकाच दमात. अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. तेव्हा हात जोडून विनंती, मला अडेल तेव्हा मी विचारीन. विचारलं की सांगा.

बाकी सगळं छान. काळी घोडी गाभण राहिलीय, शिंगरू होईल बहुतेक हिवाळ्याच्या शेवटी. बाबा ठणठणीत.

धाकटी

*

२६ एप्रिल

धाकटीस,

बरं.

यापुढे तू विचारल्याशिवाय घोड्यांबद्दल चकार शब्द काढणार नाही. मी शब्दाची पक्की आहे हे तुला माहीत आहेच. बाहुलीचा विनोद बाबांनी पूर्वी दुसऱ्या कुणापुढे केला नव्हता.

इथं इस्त्रीचं मोठं यंत्र बिघडलंय. हातानं चादरी ओढाव्या लागतात. मनगटं भरून येतात. खाली किल्ल्या बनवणारा आहे, त्याचा दिवसभर घर्र घर्र आवाज, पण आता त्याचीही सवय झाली.

बाबांना नमस्कार सांग.

वन्सं

*

२५ जून

ती. वन्सं यांना नमस्कार.

एवढं छोटं पत्र तुम्ही आयुष्यात लिहिलं नसेल. आम्ही उलटून पालटून पाहिलं, म्हटलं मागे काही आहे का. रुसू नका हो. तुमच्या भावांना म्हटलं, वन्सं गप्प बसल्या की घर कसं ओस वाटतं, आणि बोलायला लागल्या की बाजार.

कापणी झाली, म्हणून लिहायला आज सवड मिळाली. या वर्षी गवत दृष्ट लागण्यासारखं आहे. वरचा माळ आम्ही भाड्याच्या यंत्रानं दोन दिवसांत काढला. खालचा पट्टा दरवर्षीप्रमाणे शेवटी ठेवला होता. बाबा त्याच्याआधी तिथं जाऊन आले. तुम्हाला माहीत असेलच, गुडघ्यावर बसून काहीबाही उपटत होते. मी म्हटलं, मी येते मदतीला, दोघं मिळून लवकर आटपू. तर एकदम तडकले. "ज्याचं कुरण त्याचे गुडघे," म्हणे. मी कपाळाला हात लावला आणि परत आले.

संध्याकाळी मात्र स्वारी खुशीत होती. म्हणाले, "झालं उपटून, फिरवा आता यंत्र." पायरीवर बसून त्यांनी संत्रं सोललं आणि सगळ्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. स्वतः एकही खाल्ली नाही. इतकी गोड होती. सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला स्वतःच्या हातानं काही खायला दिलं. तुम्हाला म्हणून सांगते, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र फिरवलं. खालच्या पट्ट्याचं गवत पागेच्या दाराशी रचलंय, मावशीच्या गाळ्याला लागून. म्हातारीला लांब जायला नको.

बाबा ठणठणीत. पेपर वाचायचा सोडलाय. म्हणतात, रोज तेच तेच असतं.

धाकटी

*

८ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

संत्र्याचं वाचून बरं वाटलं. बाबांच्या हातचं खायला आम्ही भावंडं टपलेली असायचो. ते कापणीच्या दिवसांतच मिळायचं नाही, बाकी वर्षभर मिळायचं. असो.

खालच्या पट्ट्याबद्दल मला एक विचारायचं होतं. पण तू विचारल्याशिवाय मी बोलायचं नाही असं आपलं ठरलं आहे. बाबा जाऊन आले म्हणतेस, म्हणजे प्रश्नच मिटला. ते असताना मी कशाला नाक खुपसू.

इस्त्रीचं यंत्र दुरुस्त झालं. आता त्यातून अशी वाफ सुटते की आमच्या मुकादमीणबाईंचे केस दिवसभर उभे. सगळ्या जणी हसतात, बाई दिसल्या की गप्प.

वन्सं

*

११ नोव्हेंबर

ती. वन्सं यांना नमस्कार.

फार दिवसांनी लिहिते. तुम्ही मागच्या पत्रात "एक विचारायचं होतं" म्हणून शेपूट सोडून दिलंत. मी बऱ्याच वेळा म्हटलं, विचारावं का. मग म्हटलं, नको. एक विचारलं की त्याला दहा फांद्या फुटतील. हसू नका, पण तुमच्या भावांशी माझी पैजच लागली आहे की वर्षभरात मी तुम्हाला एकही गोष्ट विचारणार नाही. जिंकत आले आहे.

गारठा पडला. घोडी आता रात्री पागेत असतात, वाळलं गवत सुरू केलंय. सगळ्यांना वरच्या माळाचं आणि दारातल्या दोघांना, मावशीला आणि दूधतोंड्याला, दाराशी रचलेलं. पहिल्या दिवशी मावशीनं हुंगून बाजूला सारलं. म्हातारपणी नखरे. दुसऱ्या दिवशी निमूट खाल्लं.

एक गंमत सांगते. बाबांचं आणि मावशीचं हल्ली प्रेम उतू चाललंय. सकाळी तिच्या आयाळीत हात घालतात आणि दोघं कुरणाला फेरी मारतात. म्होरकी नाही, दोरी नाही. ती चालते तसे हे चालतात. खाली मोठ्या दगडापाशी आली की ती आपणहून वळते, हे वळतात, आणि दोघं घराकडे. मी ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघते आणि चहा टाकते. दगडापाशी वळली की चहा टाकायचा, घरी पोचेपर्यंत तयार. आता घड्याळ बघावं लागत नाही.

बाबांनी पायऱ्यांना दोरी बांधून घेतलीय धरायला. गुडघे दुखतात म्हणतात. हवेनं असेल.

धाकटी

*

३ डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी धुलाईघरात जेवायच्या सुट्टीत वाचलं आणि शेजारणीला वाचून दाखवलं. बाबा आणि मावशी. डोळ्यांसमोर आलं अगदी.

ती दगडापाशी का वळते माहीत आहे का? मी शिकवलं. शिंगरू होती तेव्हा. दगडाच्या फटीत मी गाजराचा तुकडा लपवून ठेवायची, तो खाल्ला की परत फिरायचं. गाजर कधीच बंद झालं, वळण राहिलं. पंचविशी उलटली तरी विसरली नाही. माणसांपेक्षा बरी.

बाबांच्या गुडघ्यांना इथून तेल पाठवते. त्यांनी कधी कुणाचा आधार घेतलेला मी पाहिला नाही, घोडीचा का होईना घेतात हे नवल. म्हातारपणी हळवे झाले असतील. त्यांना सांग, उन्हाळ्यात मी येते, मग मी एका बाजूला आणि मावशी एका बाजूला.

तुझी पैज जिंकशील. मी काही मध्ये येत नाही.

वन्सं

*

२४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना नमस्कार.

विचारत नाहीये, नुसतं कळवते आहे. हे आधी लिहून ठेवते, नाहीतर तुमचे भाऊ म्हणतील हरलीस.

दूधतोंड्याच्या नाकावरची पांढरी कातडी सोलून निघाली आहे. जिथं पांढरं आहे तिथंच, तपकिरी भागाला काही नाही. आठवडाभर ऊन कडक पडलं, त्यानं असेल. जनावरांचे डॉक्टर आले होते. मलम दिलं, सावलीत ठेवा म्हणाले. जाताना थोडे घुटमळले आणि रक्त घेऊन गेले. निकाल यायचा आहे.

मावशीचं मला समजत नाही. खाणं कमी केलं, पाठीचं हाड वर आलं. दिवसभर जांभया देते. घोडं एवढ्या जांभया देतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. आधी हसू यायचं. आता पागेत गेले की ती गाळ्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी असते. खाटीक समोर आला तरी हलणार नाही अशी. हाक मारली तर कान हलवत नाही. ढकललं तर दोन पावलं मागे येते आणि परत भिंतीला. मी बाबांना म्हटलं, मावशी रुसलीय. बाबा तिच्या मानेवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत.

काळीला शिंगरू झालं, मादी, धडधाकट. एवढी एक चांगली गोष्ट.

आता जे लिहिते त्याबद्दल तुम्ही मला काय म्हणाल ते माहीत आहे. बाबांना दिसत नाही. गेल्या महिन्यात चहा कपाच्या शेजारी ओतला, सगळा माझ्या पायावर. मग मी धीर करून विचारलं. म्हणाले, मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून उजेड-अंधार तेवढा कळतो. मला आधीच संशय होता. पण तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्यांना शहरात नेलं असतं आणि त्यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, "मला चादरींच्या वाफेत मरायचं नाही." मी गप्प बसले. म्हणून ते मावशीला धरून चालतात. तिला वाट माहीत आहे.

मावशी फिरायला मात्र अजून जाते. फिरायला सोडलं की चालते, उलट जास्तच चालते, थांबत नाही. बाबा म्हणतात, चालली की बरी होईल.

धाकटी

*

१ मार्च

धाकटे,

हे पत्र हातात पडल्याबरोबर उभ्याउभ्या वाच आणि पहिलं हे कर. बाबांना मावशीजवळ जाऊ देऊ नकोस. त्यांचा हात तिच्या आयाळीतून काढ. रागावले तर रागावू देत. खोलीला कडी घाल.

आता सांगते. ओढ्याकडच्या पट्ट्यात एक झाड उगवतं, पिवळ्या फुलांचं, गुडघ्याएवढं. आपल्या घरात त्याला कडवी म्हणतात. ओलं असतं तोवर घोडं त्याला तोंड लावत नाही. पण कापून वाळवलं की त्याचा कडूपणा जातो, विष जात नाही. म्हणून बाबा कापणीच्या आधी एकेक मुळासकट उपटतात आणि कुंपणाबाहेर नेऊन जाळतात. कुणाला करू देत नाहीत. आजोबांच्या हातून एकदा थोडं राहून गेलं होतं. त्या हिवाळ्यात घोडी अशीच भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. घरात त्याला "भिंतीला लागणं" म्हणत. मी लहान होते, पण मला ती घोडी दिसतात अजून. भिंतीला लागल्यावर ती चालायला लागतात. सरळ. त्यांना दिसत नाही, कळत नाही. समोर झाड असो, पाणी असो, वळत नाहीत. त्याला औषध नाही.

ज्यांना नुसता उजेड-अंधार कळतो त्यांनी पट्ट्यात काय उपटलं, तूच सांग. आणि ते संत्रं. कडवी उपटली की पाणी, साबण, राख, कशानंही आठ दिवस हातांचा कडूपणा जात नाही. म्हणून कापणीच्या दिवसांत बाबा आम्हाला कधी हातानं भरवायचे नाहीत. तुला संत्रं गोड लागलं. त्यांचे हात कडू नव्हते. मी ते वाचलं, आणि "असो" लिहून पुढे गेले. मला तेव्हाच विचारायचं होतं, पट्ट्यात पिवळं काही दिसलं का. एवढं एकच वाक्य. तुला दिलेला शब्द पाळायचा होता ना मला. मानापमानात बसले.

दाराशी रचलेल्या गवतातली काडीही कुठल्या घोड्याला घालू नकोस. काळी आता शिंगराला पाजते आहे, तिला तर नाहीच.

घरी फोन नाही, म्हणून भावाच्या डेपोत केला, निरोप ठेवला आहे, पण तो वाटेत आहे म्हणतात. तुमच्या टपालवाल्याच्या पाया पडेन मी, हे वेळेवर पोचू दे.

मी रजा काढून निघते आहे. मोठी गाडी परवाची आहे.

ताई

*

२९ मार्च

ताई,

तुम्ही पहिल्यांदा पत्राखाली ताई लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. नंतर तुम्ही मला तसं म्हणू द्याल की नाही माहीत नाही.

तुम्ही आलात, सगळं होईपर्यंत राहिलात आणि गेलात. तेवढ्या दिवसांत माझ्याशी एकच वाक्य बोललात. "माझं पत्र वेळेवर मिळालं होतं का?" मी नाही म्हटलं. तुम्ही टपालवाल्याला तोंडावर काय काय बोललात. त्या बिचाऱ्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. त्यानं पत्र वेळेवर आणलं होतं.

सकाळी आणलं. मी ओट्याशी होते. तुमचं अक्षर ओळखलं. बाबांच्या डोळ्यांचं तुम्हाला कळवलं होतं, त्याच्या शिव्या असणार, वर घोड्यांबद्दल सूचना असणार. म्हटलं, रिकाम्या पोटी नको. चहा झाल्यावर बघू. साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि खिडकीतून पाहिलं, मावशी दगडापाशी वळली की चहा टाकायचा म्हणून.

दोघं खाली निघाले होते. गवतावर दव होतं. बाबांचा हात तिच्या आयाळीत, मान थोडी वर, तिला काहीतरी सांगत होते. ती भराभर चालत होती, बाबांची पावलं मागे पडत होती. दगड आला. मावशी वळली नाही. मला वाटलं, दोन पावलं पुढे जाऊन वळेल. पातेलं हातात घेऊन मी वाट बघत राहिले. ती कुंपणापाशी गेली, थांबली नाही. बल्ली मोडल्याचा आवाज मला इथं ऐकू आला. मी हाक मारली. बाबांनी दुसरा हात वर केला, आलो आलो म्हणतात तसा. घराकडे तोंड करून नाही, दरडीकडे. त्यांना वाटलं असेल की हाक तिकडून आली. मग खिडकीत नुसतं कुरण होतं.

मी धावले. पुढचं तुम्ही पाहिलंत. बाबांची मूठ उघडत नव्हती, आयाळीचे केस तसेच ठेवून त्यांना नेलं.

पत्र मी त्यानंतर उघडलं, तुम्ही यायच्या आधी. उभ्याउभ्या वाच असं लिहिलं होतंत. मी खाली बसून वाचलं.

तुमच्या भावांना सांगितलं. ते ट्रकवर परत गेले नाहीत, नुसते कुंपण दुरुस्त करत बसतात. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. कापणीच्या दिवशी पट्टा पिवळ्या फुलांनी भरला होता, हेही सांगायचं राहिलं. मला ती छान दिसली. यंत्र आत घालायच्या आधी मी थोडी तोडून आणून खिडकीत भांड्यात ठेवली होती. बाबा त्या भांड्याशेजारी बसून चहा प्यायचे.

दूधतोंड्याचा निकाल आला. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलं आहे, महिना काढला तर खूप. तो परवापासून भिंतीला लागला. डॉक्टर उद्या येतील, त्याला चालायला लागू द्यायचं नाही असं ठरलं. काळी आणि बाकीची वरच्या माळाचं खात होती, त्यांच्यात अजून काही नाही. रोज सकाळी पागेचं दार उघडताना आधी बघते, कोण जांभई देतं का. गंजी कुंपणाबाहेर नेऊन जाळली. काळा धूर झाला.

खालच्या पट्ट्यात नवे कोंब आले आहेत, जमिनीला चिकटलेली, कातरलेली पानं. ती तीच का, हे मला कोण सांगणार. आजपासून गुडघ्यावर बसून उपटायला लागले. दुपारी पावाचा तुकडा तोंडात घातला तर थुंकावा लागला, इतका कडू. म्हणजे झाड बरोबर आहे. आता शिंगराला हात लावायच्या आधी भीती वाटते.

एक पान पाकिटात घातलं आहे. त्याला तोंड लावू नका, नुसतं बघून सांगा. मुळं किती खोल जातात? तुटून आत राहिली तर पुन्हा येतात का? पाऊस पडल्यावर उपटायची की आधी? काळीचं दूध पिऊ द्यायचं का शिंगराला? मी पैज हरले. विचारते आहे. सगळं लिहा, समासात आडवंसुद्धा.

धाकटी